चाकांचा हिशेब : ठाण्याच्या पहिल्या आगगाडीपासून चारही चाके ओढणाऱ्या मोटारीपर्यंत

समजा, डोंबिवलीतील एका कुटुंबाने चारही चाकांना ताकद मिळणारी, म्हणजे ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ मोटार घेतली आहे. चाळीस हजार किलोमीटर चालून तिचे टायर बरेच झिजले आहेत. पावसाळ्यात शीळ रस्त्यावरच्या एका खड्ड्यात उजवीकडचा मागचा टायर फाटतो. दुकानदार त्याच मापाचा, किंवा ते मिळाले नाही तर एक माप पुढचा, नवा कोरा टायर बसवून देतो. बाकीचे तीन अजून चालतील, उगाच खर्च कशाला, असे सर्वांनाच वाटते. गाडी निघते. कुठे काही बिघडल्याचे दिसत नाही. काही महिन्यांनी मात्र खालून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि गॅरेजमध्ये जे बिल हातात पडते त्यात चार नवे टायर कितीतरी वेळा बसले असते.

एका टायरच्या जाडीतील पाच-सहा मिलिमीटरचा फरक गाडीच्या पोटातील पोलादी दात्यांना कसा जाचतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला फार दूर जावे लागत नाही. ठाणे, कल्याण आणि त्यांच्या पलीकडचे दोन घाट यांच्या रेल्वेच्या इतिहासातच ते दडलेले आहे. सारखी चाके का हवीत, किती सारखी हवीत आणि सारखी नसतील तर काय करावे, या तिन्ही प्रश्नांशी रेल्वेचे अभियंते मोटारवाल्यांच्या पुष्कळ आधी झगडले होते.

न फिरणारा आस

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीला पक्का असतो आणि त्याच्या दोन टोकांवर दोन चाके आपापली फिरतात. गाडी वळणावर आली की बाहेरचे चाक अधिक अंतर तोडते, आतले कमी. दोघांत काही बंधन नसल्याने बाहेरचे चाक जास्त फेरे घेते, आतले कमी, आणि भांडण होत नाही. एका चाकाची लोखंडी धाव जरा झिजून व्यास कमी झाला, तरी ते चाक थोडे अधिक फिरेल एवढेच. गाडी किंचित कलेल, पण अडणार नाही. कारण बैलगाडीची चाके गाडीला ओढत नाहीत. ओढतात ते बैल.

अडचण सुरू होते ती चाकालाच ओढायला लावल्यावर. ओढणारे चाक कोणत्या तरी फिरत्या दांड्याला जोडावे लागते. एका दांड्याला दोन चाके जोडली की त्यांचे फेरे सारखे झाले. फेरे सारखे आणि व्यास वेगळे, किंवा फेरे सारखे आणि रस्ते वेगळे, असे झाले की एक चाक घसटले जाणारच.

शाळेच्या क्रीडादिनी होणारी तीन पायांची शर्यत आठवा. दोघांचे एकेक पाय एकत्र बांधलेले असल्याने पावलांची संख्या दोघांना सारखीच ठेवावी लागते. उंच मुलाची ढांग मोठी आणि बुटक्याची लहान असेल तर एक जण दुसऱ्याला फरफटवतो किंवा दोघेही पडतात. या लेखातले सारे यंत्रशास्त्र त्या शर्यतीत आहे.

बोरीबंदर ते ठाणे

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ मैलांचे अंतर आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, हा तपशील आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत आली. परंतु पाठ्यपुस्तकात सहसा न येणारी एक गोष्ट त्या गाडीच्या चाकांत होती.

आगगाडीच्या डब्याची दोन चाके एका पोलादी आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात. आस, डावे चाक आणि उजवे चाक एकसंध फिरतात. म्हणजे बैलगाडीची सोय येथे नाही. मग वळणावर काय होते?

यावर रेल्वेने शोधलेला उपाय फार सुंदर आहे. चाकाचा रुळावर टेकणारा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उतरता, शंकूच्या तुकड्यासारखा असतो. आतल्या बाजूला, कडेजवळ, व्यास मोठा आणि बाहेरच्या बाजूला लहान. हा उतार परंपरेने २० ला १ असा ठेवला जातो. गाडी वळणावर आली की चाकांची जोडी बाहेरच्या रुळाकडे थोडी सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालू लागते. फेरे सारखेच राहतात, पण बाहेरचे चाक प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर तोडते. एकही दाता, एकही साखळी न वापरता हिशेब जुळतो!

हा हिशेब कोठवर जुळतो हेही पाहण्यासारखे आहे. जोडी १० मि.मी. सरकली तर एका चाकाची त्रिज्या १०/२० म्हणजे अर्धा मि.मी. वाढते आणि दुसऱ्याची तेवढीच कमी होते. दोन्ही व्यासांत मिळून २ मि.मी.चा फरक पडतो. चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरला तर हा फरक ०.२ टक्के झाला. आपल्या रुंद मार्गावर दोन रुळांच्या मध्यरेषा सुमारे १.७५ मीटर दूर असतात. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ०.२ टक्क्यांनी लांब असेल असे वळण म्हणजे १.७५ भागिले ०.००२, अर्थात सुमारे ८७५ मीटर त्रिज्येचे वळण. रुळांत सरकायला एका बाजूस जागा असते ती सुमारे एक सेंटिमीटरच. म्हणून याहून तीव्र वळणावर शंकूची युक्ती अपुरी पडते, चाके घसटू लागतात आणि कड रुळाला घासते. घाटातल्या वळणावर किंवा यार्डात शिरताना गाडी किंचाळते ती यामुळे. तो आवाज न जुळलेल्या हिशेबाचा असतो.

घाट आणि जोडदांडा

डबे नुसते घरंगळतात. इंजिनाला ओढायचे असते. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर पकड घेईल की नाही याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मोठी शंका होती. जॉन ब्लेंकिन्सॉप याने १८१२ मध्ये त्यासाठी दात्यांचे चाक आणि दात्यांचा रूळ वापरला. लवकरच विल्यम हेडली याच्या प्रयोगांनी दिसून आले की चाकावर पुरेसे वजन असेल तर गुळगुळीत चाकही पुरेशी पकड घेते. पण मग इंजिनाचे जास्तीत जास्त वजन ओढणाऱ्या चाकांवर यायला हवे. एका जोडीवर फार वजन टाकले तर रूळ मोडतात, तेव्हा ओढणाऱ्या जोड्याच वाढवायला हव्यात. जॉर्ज स्टीफन्सन याने आधी साखळीने आणि पुढे बाहेरच्या लोखंडी दांड्याने चाकांच्या जोड्या एकमेकींना बांधल्या. हाच जोडदांडा. ठाण्याला आलेल्या पहिल्या इंजिनांनाही पुढे एक मोकळी जोडी आणि मागे दांड्याने बांधलेल्या दोन जोड्या होत्या.

म्हणजे मोटारीत पुढची-मागची चाके एकमेकांना बांधण्याची जी कल्पना आपण नवी समजतो, ती कळव्याच्या खाडीवरून आणि मुंब्र्याच्या डोंगरातून १८५४ मध्येच कल्याणला पोहोचली होती.

कल्याणच्या पुढे तिची खरी कसोटी लागली. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर उंची. असा चढ चढताना प्रत्येक चाकाची पकड मोलाची असते. आता कल्पना करा, दांड्याने बांधलेल्या तीन जोड्यांपैकी एका जोडीचा व्यास झिजून एक टक्क्याने कमी झाला आहे. फेरे सारखे असल्याने ही जोडी प्रत्येक फेऱ्यात इतरांपेक्षा एक टक्का कमी अंतर तोडणार. गाडी मात्र एकच आहे. तेव्हा कोणत्या तरी जोडीला सतत घसरावे लागणार, घसरणाऱ्या चाकाची पकड घटणार आणि दांड्यांवर विनाकारण ताण येणार. म्हणून बांधलेली सगळी चाके एकाच वेळी कातून सारख्या व्यासाची करण्याचा दंडक इंजिनांच्या कारखान्यांत पाळला जाई. एकच चाक बदलून ‘बाकीची चालतील’ असे तेथे कोणी म्हणत नसे.

कल्याणचा खेकडा

या परंपरेचा शेवटचा आणि सर्वांत रुबाबदार प्रतिनिधी विजेवर चालणारा होता. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. पाठोपाठ घाटांच्या विद्युतीकरणाचे काम निघाले. कल्याण-डोंबिवलीच्या मध्ये ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर १९२९ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास पुण्याकडे आणि पाठोपाठ इगतपुरीकडे जाणाऱ्या मार्गांवर विजेची इंजिने धावू लागली. मालगाड्यांसाठी १९२८ पासून जी इंजिने आली त्यांना पुढे डब्ल्यूसीजी-१ असे नाव मिळाले. मध्ये बुटके घर आणि दोन्ही बाजूंना लांब नाके असल्याने परदेशात या घाटणीच्या इंजिनाला मगर म्हणतात. आपल्याकडील रेल्वे कामगारांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले.

या इंजिनाच्या प्रत्येक बोगीत मोटरींची ताकद आधी एका मधल्या दांड्याला मिळे आणि त्या दांड्यापासून बाहेरच्या जोडदांड्यांनी तीन आसांना. वीज आली, पण चाके बांधलेलीच राहिली. कल्याणच्या लोहमार्गावर वाढलेल्या जुन्या मंडळींना या इंजिनांच्या वरखाली होणाऱ्या दांड्यांची लय आणि कण्हल्यासारखा आवाज आठवत असेल. १९७० च्या दशकात चित्तरंजन येथे तयार झालेली डब्ल्यूसीजी-२ इंजिने घाटात आली. यांत प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर होती. जोडदांडा गेला आणि आसांमधले पोलादी बंधन संपले. खेकडे हळूहळू हलक्या कामांवर गेले आणि पुढे निवृत्त झाले. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहता येतो.

अर्धा, पाच आणि तेरा

आसांमधले बंधन संपले तरी एका आसावरच्या दोन चाकांमधले बंधन आजही आहे. ते किती गांभीर्याने घेतले जाते हे तीन आकड्यांवरून कळते. आपल्या रुंद मार्गावरच्या नेहमीच्या प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मि.मी. असतो. चाके कातून पुन्हा बसवताना व्यासांतील फरक एकाच आसावर ०.५ मि.मी., एकाच बोगीत ५ मि.मी. आणि एकाच डब्यात १३ मि.मी. यांपेक्षा जास्त असू नये, असा दंडक आहे.

हे आकडे विद्यार्थ्यांसमोर ठेवून ‘असे का?’ असे विचारून पाहावे. एका डब्यातल्या दोन बोग्या एकमेकींशी फिरत्या दांड्याने बांधलेल्या नसतात. फरक पडला तर डब्याची उंची आणि भार यांचाच प्रश्न येतो, म्हणून तेरा चालतात. एका बोगीतले दोन आसही स्वतंत्र फिरतात, पण चौकट एक, म्हणून पाच. एका आसावरची दोन चाके मात्र एकसंध. त्यांना वेगळे फिरताच येत नाही, म्हणून फक्त अर्धा! बंधन जितके घट्ट, तितकी सूट कमी. मोटारीच्या टायरविषयी जे सांगायचे आहे त्याचे सूत्र हेच.

अर्धाच का, हेही आपण मघाच्या हिशेबाने काढू शकतो. १० मि.मी. सरकल्यावर व्यासांत २ मि.मी.चा फरक पडतो. उलट, व्यासांत मुळातच अर्ध्या मि.मी.चा फरक असेल तर जोडी अडीच मि.मी. सरकून तो भरून काढेल आणि सरळ चालेल. फरक ५ मि.मी. असता तर तिला २५ मि.मी. सरकावे लागले असते. तेवढी जागाच नाही. मग एका चाकाची कड रुळाला सतत घासत राहिली असती.

पेकर यांची युक्ती

रस्त्यावर रूळ नाहीत आणि टायर शंकूसारखे करता येत नाहीत. तेव्हा मोटारीला दुसरा उपाय हवा होता. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी दात्यांच्या एका रचनेचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना वापरली आणि कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पहिल्या मोटारीतही ती होती. हीच आपली ‘डिफरन्शियल’ नावाची पेटी.

तिचे काम एका वाक्यात सांगायचे तर ती दोन चाकांना ताकद सारखी वाटते, पण फेरे सारखे घ्यायला लावत नाही. बैलजोडीचे जू मधोमध खिळीवर फिरते असले की एक बैल थोडा पुढे गेला तरी ओढ दोघांवर सारखीच येते, तसे. सरळ रस्त्यावर पेटीच्या आतील लहान दातेरी चाके स्वतःभोवती फिरत नाहीत, साऱ्या पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळण आले की तेवढ्यापुरती ती स्वतःभोवती फिरतात आणि वळण संपले की थांबतात. ही ‘तेवढ्यापुरती’ गोष्ट ध्यानात ठेवावी.

जीप : कोरड्या डांबरावरचा कैदी

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलीज कंपनीची जीप मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे जीप जोडायला सुरुवात केली आणि वनखात्यापासून तहसील कचेरीपर्यंत ही गाडी महाराष्ट्रभर दिसू लागली. जीपला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिफरन्शियल पेट्या होत्या. पण पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये अशी पेटी नव्हती. एक जादा दांडा ओढला की दोन्ही आस सरळ बांधले जात. कल्याणच्या खेकड्याचा जोडदांडाच हा, फक्त गाडीच्या पोटात लपलेला.

वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ आखतात. जीपच्या दोन आसांतले अंतर सुमारे २ मीटर. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळत असेल तर पायथागोरसच्या नियमाने पुढच्या आसाचा मध्य √(२५ + ४), म्हणजे सुमारे ५.४ मीटर त्रिज्येने वळतो. आठ टक्के जास्त! चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक पचवतात. कोरड्या डांबरावर रबर घसरायला तयार नसते. मग दांडे पिळले जातात, स्टिअरिंग जड होते, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते आणि ओढलेला दांडा परत निघता निघत नाही. म्हणूनच जीप आणि पुढे १९८५ पासून आलेली जिप्सी यांसारख्या गाड्यांत ‘चारचाकी ताकद फक्त निसरड्यावर’ हा नियम चालकांना शिकवला जाई. तशाच घडणीच्या गाड्यांना तो आजही लागू आहे.

मधली पेटी

नेहमीच्या रस्त्यावरही चारही चाकांची पकड हवी असेल तर पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये काहीतरी ‘सैल’ हवे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या १९०३ च्या गाडीपासून असे प्रयत्न झाले. रेंज रोव्हर गाडीत १९७० मध्ये, आणि आउडीच्या क्वाट्रो या गाडीत १९८० मध्ये, मधली डिफरन्शियल पेटी होती. दुसरा मार्ग म्हणजे सिलिकोनचे दाट द्रव भरलेला डबा. त्यात जवळजवळ बसवलेल्या तबकड्यांपैकी एक आड एक पुढच्या आणि मागच्या दांड्याला जोडलेल्या असतात. दोन्ही दांडे सारखे फिरतात तोवर शांतता. एक जोरात फिरू लागला की द्रव घुसळले जाते, तापते आणि दुसऱ्याला ओढून नेते. आजच्या अनेक गाड्यांत घर्षण तबकड्यांचा क्लच असतो आणि तो केव्हा किती आवळायचा हे संगणक ठरवतो.

या साऱ्या रचनांचे एक समान गृहीतक आहे. पुढच्या-मागच्या फेऱ्यांत फरक पडला तर गाडी वळत असेल किंवा चाक घसरत असेल, आणि दोन्ही गोष्टी थोड्या वेळात संपतील. टायर वेगवेगळ्या मापांचे असले की नेमके हे गृहीतक मोडते. वळण संपते, टायरमधला फरक संपत नाही.

ठाणे ते कल्याण : एक हिशेब

टायरवर २०५/६५ आर १६ असे काहीसे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी मि.मी.मध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, तिसरा रिमचा व्यास इंचांत. यावरून व्यास काढता येतो : २०५ चे ६५ टक्के १३३, दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २६६.५; रिम १६ × २५.४ = ४०६.४; एकूण ६७३ मि.मी. सातवी-आठवीच्या मुलांना टक्केवारीचे इतके जिवंत उदाहरण क्वचित मिळेल.

नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मि.मी. असते. कायद्याने मोटारीच्या टायरला ती किमान १.६ मि.मी. हवी. ती झिजून २ मि.मी. झाली तर त्रिज्या ६ ने आणि व्यास १२ ने घटून ६६१ मि.मी. झाला. फरक १.८ टक्के. नव्याचा परीघ २.११४ मीटर, जुन्याचा २.०७७ मीटर. ठाणे ते कल्याण लोहमार्गाने सुमारे २० कि.मी. आहे. तेवढ्या अंतरात नवा टायर सुमारे ९,४६० फेरे घेईल आणि जुना ९,६३०. पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने असतील तर मधल्या यंत्रणेला सुमारे १७० फेऱ्यांचा फरक पचवावा लागेल. जीपइतक्या गाडीने ५ मीटर त्रिज्येचे एक काटकोनी वळण घेतले तर पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे ०.३ फेऱ्याचा फरक पडतो. म्हणजे सरळ रस्त्याने ठाण्याहून कल्याणला जाताना त्या यंत्रणेला पाचशेहून अधिक काटकोनी वळणे घेतल्याइतके श्रम पडतात!

चारांपैकी एकच टायर वेगळा असेल तर मधल्या यंत्रणेच्या वाट्याला निम्मा फरक येतो. पण त्या आसावरच्या डिफरन्शियल पेटीतील लहान चाके पूर्ण प्रवासभर फिरत राहतात. ती वळणापुरती फिरण्यासाठी घडवलेली असतात. पुढच्या मापाचा, उदाहरणार्थ २१५/६५ आर १६, टायर घेतला तर व्यास ६८६ मि.मी. होतो. जुन्या झिजलेल्यांशी फरक जवळजवळ चार टक्क्यांवर जातो. एक खुलासा येथे करायला हवा. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचा पट्टा असतो आणि चालताना होणारा परीघ बऱ्याच अंशी त्या पट्ट्यावर ठरतो. त्यामुळे झिजेचा प्रत्यक्ष परिणाम आपल्या भूमितीपेक्षा थोडा कमी असतो. मापच वेगळे असेल तर मात्र पट्टाच वेगळा, आणि सुटका नाही.

याचा शेवट रचनेप्रमाणे होतो. सिलिकोनचा डबा सतत तापून निकामी होतो किंवा घट्ट बसतो. क्लचच्या तबकड्या झिजतात. दात्यांमधले तेल तापून पातळ होते आणि दाते खरवडले जातात. शिवाय चाक घसरते आहे की नाही हे संगणक चाकांच्या फेऱ्यांवरूनच ओळखतो. त्याला कायमच एक चाक वेगळे दिसत राहिले तर मुरबाडवरून माळशेज घाटात ओल्या वळणावर खरोखर चाक घसरेल तेव्हा त्याचा निर्णय चुकण्याची शक्यता वाढते. येथे प्रश्न बिलाचा राहत नाही, जिवाचा होतो.

मग करावे काय? टायर चारही एकदम, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्यावेत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने त्यांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे झीज सारखी होते. हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. गोटा झालेल्या तीन टायरांत एक नवा बसवू नये. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच वापरावी. सूट किती याचा अंदाज हवा असेल तर सुबारू या जपानी कंपनीचा दंडक पाहावा. तिच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत परिघातील फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मि.मी.च्या, आत हवा. ६ ला ३.१४ ने भागले तर व्यासात २, म्हणजे नक्षीच्या खोलीत अवघा एक मि.मी.! प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहावी. रेल्वेचा अर्धा मि.मी. आणि मोटारीचा एक मि.मी. यांचे नाते वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

वर्गात करून पाहा

१. कागदी पेले दोन घेऊन त्यांची रुंद तोंडे एकमेकांना चिकटवा. दोन लांब काठ्या समांतर ठेवून थोडा उतार द्या आणि त्यांवरून ही जोडी सोडा. ती डावी-उजवीकडे झोके घेत मध्यावर राहील. आता दुसऱ्या दोन पेल्यांचे बूड एकमेकांना चिकटवून सोडा. ही जोडी लगेच खाली पडेल. का, ते मुलांना सांगू द्या.

२. लहान-मोठी दोन झाकणे एका रिफिलवर घट्ट बसवून जमिनीवर ढकला. जोडी सरळ न जाता लहान झाकणाकडे वळत गोल फिरेल. वर्तुळाची त्रिज्या मोजून ती झाकणांच्या व्यासांशी पडताळता येईल.

३. सायकलच्या टायरवर खडूची खूण करून एका मुलाला बसवून ती सरळ रेषेत पाच फेरे ढकला व अंतर मोजा. हवा कमी करून पुन्हा मोजा. दोन्ही अंतरांतील फरक टक्केवारीत मांडा.

४. शाळेत कोणाची मोटार येत असेल तर चारही टायरांची नक्षी पट्टीने मोजून तक्ता करा. सारख्या दिसणाऱ्या चाकांत किती फरक असतो हे पाहून मुलेच नव्हेत, गाडीचे मालकही चकित होतील.

जाता जाता इतिहासाने घेतलेले एक वळण सांगितले पाहिजे. ऑस्ट्रियात १९०० मध्ये फर्डिनंड पोर्शे यांनी चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसवलेली गाडी केली होती. चाके एकमेकांना बांधायची गरजच उरली नाही. आज दोन मोटरींच्या विजेच्या मोटारींत पुढचा आणि मागचा आस पुन्हा असेच स्वतंत्र झाले आहेत, जसे घाटात जोडदांडा जाऊन प्रत्येक आसाला स्वतःची मोटर मिळाली. दात्यांचा जाच त्यांत कमी झाला. पण फेरे मोजून निर्णय घेणारा संगणक तेथेही आहेच आणि त्याला चारही टायर सारखेच असतील असे सांगितलेले असते. दांडा गेला, तरी हिशेब राहिला. पुढच्या वेळी ठाण्याच्या किंवा कल्याणच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना समोरच्या डब्याच्या चाकांकडे जरा निरखून पाहावे. ती दोन चाके अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी आहेत, म्हणून आपण सुखाने घरी पोहोचतो.